पांढरा दिवा

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत
माझं दुकान नाही, ओटा आहे.
काठ फाटलेल्या साड्या घेऊन बाया येतात,
लग्नाच्या दिवसांत शेरवान्या.
मे महिन्यातल्या एका दुपारी
मानकापूरच्या स्टेडियमवरून एक पोट्टा आला,
चांदीच्या रंगाचं जाकीट मांडीवर टाकून म्हणाला,
काका, यातून करंट जातो.

मी म्हटलं, जरीतूनही जातो, कोणी विचारत नाही.

जाकिटाचा मालक पायरीशी उभा, उंच,
उन्हानं नाक सोललेलं,
आपल्यासारखाच ओला दुपट्टा डोक्याला.
नाव ताकाच लोरांत. आडनाव आधी,
शाळेच्या हजेरीत घेत तसं.
हंगेरीहून दोन महिन्यांसाठी आलेला, पोरांना तलवार शिकवायला.
पहिल्या दिवशी पोट्टे हसले म्हणे:
ताकाचं काय सर, कढी का मठ्ठा?
अर्थ कळल्यावर तोही हसला,
आणि रोज सकाळी मठ्ठा मागू लागला.

पोट्ट्यानं मीटर लावून दाखवलं,
काटा कुठं हलतो, कुठं मरतो.
जित्या कापडावर टोक टेकलं तर रंगीत दिवा,
तार तुटली असेल तिथं पांढरा.
पांढरा म्हणजे,
लागलं, पण धरायचं नाही.

मी जाकीट उजेडासमोर धरलं.
बत्तीस वर्षं मागावर गेली,
कापड बोलतं ते ऐकू येतं मला.
उजव्या बरगडीखाली ताणा पार विरलेला,
इथंच गाठायचे त्याला सगळे.
पाठीवर आडव्या खुणा, त्या अलीकडच्या,
वळायला उशीर होऊ लागला तेव्हाच्या.
काखेत घामाचं मीठ, तार हिरवी पडलेली.
छातीवरची वीण मात्र कोरी.

किती वर्षं, मी विचारलं. पोट्ट्यानं इंग्रजीत नेलं, मराठीत आणलं.
नवव्या वर्षी धरली, छत्तिसाव्या वर्षी ठेवली.
बाप ट्रामच्या डेपोत.
सहा वर्षं देशाच्या संघात, चौथा.
तिघं खेळतात. चौथा बसतो
पूर्ण पोशाखात, वायर बाहीत घालून,
मास्क मांडीवर.

एकदा उठवलं त्याला, शेवटच्या झुंजीला.
चव्वेचाळीस, चव्वेचाळीस.
त्यानं टोक टेकवलं, अगदी बरोबर, मनगटाला कळलं.
पांढरा लागला.
समोरच्याचं जाकीट तपासा, असं म्हणायचा हक्क होता.
नाही म्हणाला.
काहून? मी विचारलं.
पोट्टा थांबला, मग हळू बोलला,
सर म्हणतात, वाटलं माझाच हात चुकला असेल.
पुढचा वार समोरच्याचा, रंगीत.
रात्री जेवताना कोणीतरी सांगितलं
की त्या जाकिटात एक जागा मेलेली निघाली, बोटभर.

पेटी उघडली मी. तळाशी
सोसायटी बंद पडली तेव्हा पगाराऐवजी मिळालेली
खऱ्या जरीची एक कांडी होती.
मुलीच्या शालूलाही ती वापरली नव्हती.
एक्केचाळीस तारा भरल्या, दिवे लागेपर्यंत.
तो तिथंच बसून, सुईकडे बघत.
मध्येच स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ताकाच म्हणाला,
मग हवेत धोटा फेकल्यासारखा हात, इकडून तिकडे.
पोट्ट्याला कळेना. मला कळलं.
त्यांच्याकडचा कोष्टी.

पैशांवरून थोडं भांडण झालं.
मी दीडशे म्हटलं, तो पाचशेवर अडला.
शेवटी तीनशे, आणि कूलरच्या पुढं बसून मठ्ठा.

जुलैत गेला तो. ते जाकीट पोट्ट्याला देऊन गेला,
खांद्यात ढगळ होतं.
परवा पोट्टा आला, हेल्मेटही न काढता ओट्यावरून सांगू लागला,
पुण्याला होतो काका, चौदा-चौदा,
टोक टेकलं, पांढरा लागला.
मग?
मग मी हात वर केला. म्हटलं, तपासा.

हरलास का जिंकलास, हे विचारायचं राहूनच गेलं.
त्यानं आणखी दोन जाकिटं आणली होती.
कांडीवर आता वीतभर जर उरली आहे.